मॅच एक, पावत्या दोन

"केबल अजून ठेवलीच आहे का तुम्ही? काढून टाका की ओ, मोबाईलवर सगळं दिसतंय." आयपीएलचे दिवस आले की सोलापुरात हे वाक्य दिवसातून दोनदा तरी कानावर पडतं. पार्क चौकातल्या चहाच्या गाड्यावर, सात रस्त्याला रिक्षाची वाट बघताना, लग्नाच्या पंगतीत. समोरच्याचं उत्तरही ठरलेलं असतं: "ॲपवाले लुटतात. लिंक शोधायची आणि बघायचं, पैसे कोण भरतंय?" मग वाद पेटतो आणि तो याच दोन टोकांवर पेटतो. एकाला केबल म्हणजे अडगळ वाटते, दुसऱ्याला मोबाईलवर पैसे मागणं हाच दरोडा वाटतो. या दोघांच्या मध्ये उभ्या असलेल्या माणसाबद्दल कुणी बोलतच नाही. तो दर महिन्याला केबलचे पैसे भरतो, त्यात क्रीडा वाहिनीचे पैसेही भरतो, आणि उंबऱ्याबाहेर पडल्यावर तीच मॅच मोबाईलवर बघायची तर त्याच्याकडे पुन्हा पैसे मागितले जातात.

माझं म्हणणं सरळ आहे. ज्या घराने केबलवर किंवा डिशवर क्रीडा वाहिनीचे पैसे भरले आहेत, त्या घराला त्या वाहिनीवरचं थेट प्रक्षेपण, पॅक चालू असेपर्यंत, निदान एका मोबाईलवर वेगळे पैसे न भरता दिसलं पाहिजे. वेब सिरीज नकोत, सिनेमे नकोत, फोर-के चित्र नको. टीव्हीवर जे चाललंय तेवढंच. आणि जिथे वाहिनी व ॲप एकाच कंपनीच्या हातात आहेत तिथे हा ग्राहकाचा हक्क मानला जावा, हंगामापुरती दिलेली सवलत नव्हे.

हे डोक्यात कुठून बसलं ते सांगतो. मे महिन्यातली संध्याकाळ होती. सोलापूरच्या पूर्व भागात, तेलुगू बोलणाऱ्या विणकरांच्या वस्तीत, एका मित्राच्या घरी गेलो होतो. दिवसभर चाळिशीच्या वरचं ऊन, भिंती अजून गरम. साडेसातला मॅच सुरू झाली. त्याची आई भिंतीला टेकून, मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. पानात तंबाखू भरायची, वळायची, तोंड दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. बोटं आपली आपण चालत होती, नजर टीव्हीवर. पाचव्या षटकात लाईट गेली. टीव्ही गेला, बॉक्स गेला, पंखा गेला. मित्राला यंत्रमागावर रात्रपाळीला निघायचं होतं. त्याने मोबाईल काढला, ॲप उघडलं, तर पडद्यावर पैसे भरण्याची पाटी आली. अंधारातून त्याची आई तेलुगूत काहीतरी बोलली. मी त्याच्याकडे पाहिलं तेव्हा त्याने सांगितलं, "आई विचारतेय, केबलवाला परवाच पैसे घेऊन गेला ना, मग हे परत कशाचे मागतायत?" या सगळ्या वादात याहून नेमका प्रश्न मी अजून ऐकलेला नाही.

त्या बाईंनी परवा भरलेले पैसे नेमके कशाचे होते, हे आधी बघू. डिजिटल केबलच्या दुसऱ्या टप्प्यात देशातली 38 शहरं होती आणि त्यात सोलापूर होतं. मुदत होती 31 मार्च 2013. त्याआधी वायर थेट टीव्हीत जायची, नंतर प्रत्येक टीव्हीखाली बॉक्स आला. तेव्हा लोकांना सांगितलं गेलं की बॉक्समुळे हिशेब चोख राहील, कोणाकडे कोणती वाहिनी चालू आहे ते कळेल, जे बघाल त्याचेच पैसे द्याल. मग 1 फेब्रुवारी 2019 पासून ट्रायची, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाची, नवी दरपद्धत आली. पहिल्या 100 वाहिन्यांसाठी नेटवर्कचे 130 रुपये, कर धरून 153 रुपये 40 पैसे, आणि पैसे लागणाऱ्या वाहिन्यांची किंमत त्यावर वेगळी. स्टार स्पोर्ट्स 1 ची किंमत तेव्हा महिना 19 रुपये होती. वर्षाचे 228, आणि 18 टक्के कर धरला तर 269 रुपये. हा आकडा मोठा नाही. पण तो मॅचसाठीच भरलेला पैसा आहे, एवढं त्यातून पक्कं होतं. क्रीडा वाहिनी म्हणून वेगळी ओळ, वेगळी किंमत, वेगळा कर.

त्या वेळी घरोघरी वाहिन्यांच्या लांबलचक याद्या आल्या होत्या, आठवत असेल. पेनाने खुणा करायच्या होत्या. पहिल्या महिन्यात लोकांनी हौसेने खुणा केल्या. मग लक्षात आलं की सुट्या वाहिन्या निवडत गेलं तर बिल वाढतं आणि कंपनीचा पॅक घेतला तर त्याच पैशांत दुप्पट वाहिन्या येतात. सुट्या वाहिनीचा दर मुद्दाम चढा ठेवायचा आणि पॅकवर घसघशीत सूट द्यायची, म्हणजे निवडीचा हक्क कागदावर राहतो आणि पॅक गळ्यात पडतो. अखेर नोव्हेंबर 2022 च्या दुरुस्तीत ट्रायला या सुटीवर 45 टक्क्यांची मर्यादा घालावी लागली. मॅच बघायची म्हणून ज्या घराने पॅक घेतला, त्या घराने नको असलेल्या आठ-दहा वाहिन्यांचेही पैसे इतकी वर्षं भरले आहेत. अशा ग्राहकाला दारात उभं करून "मोबाईलचे वेगळे" म्हणणं न्यायाचं आहे का?

याला सर्वांत जोरदार उत्तर असं दिलं जातं की टीव्ही आणि मोबाईल हे दोन वेगळे हक्क आहेत. ते हलक्यात घेण्यासारखं नाही. जून 2022 मध्ये आयपीएलच्या 2023 ते 2027 या पाच हंगामांचा लिलाव झाला, तेव्हा भारतातले टीव्हीचे हक्क स्टारने 23,575 कोटी रुपयांना घेतले. डिजिटलचे हक्क व्हायकॉम18 कडे गेले आणि मोजक्या सामन्यांच्या खास पॅकेजसकट त्यांची किंमत 23,758 कोटींवर, म्हणजे टीव्हीच्याही वर गेली. सगळं मिळून 48,390 कोटी. दोन कंपन्यांनी दोन वेगळ्या वस्तू एवढी किंमत मोजून घेतल्या असतील, तर एकीच्या गिऱ्हाइकाला दुसरीने माल का द्यावा? चादरीच्या दुकानातली पावती दाखवून शेजारच्या दुकानातून टॉवेल उचलता येत नाही. 2023 मध्ये हा युक्तिवाद बिनतोड होता आणि तेव्हा मला कुणी विचारलं असतं तर मीही मान्य केला असता.

पण 14 नोव्हेंबर 2024 ला स्टार इंडिया आणि व्हायकॉम18 यांचं एकत्रीकरण पुरं झालं. 14 फेब्रुवारी 2025 ला दोघांची ॲप्स, स्टारचं हॉटस्टार आणि व्हायकॉम18 चं जिओसिनेमा, मिळून जिओहॉटस्टार झालं. मधली भिंत पडली, दोन्ही दुकानं एक झाली, गल्ला एक झाला. आता त्याच मालकाने आतल्या आत दोन काउंटर ठेवून एकाच मालाचे दोनदा पैसे घ्यायचे आणि विचारलं तर "हक्क वेगळे आहेत" म्हणायचं, हे कसं पटावं? हक्क लिलावात वेगळे होते हे खरं, पण ते लिलावात. या एकत्रीकरणाला स्पर्धा आयोगाने ऑगस्ट 2024 मध्ये मान्यता दिली तेव्हा कंपन्यांनी एक हमी दिली होती: क्रिकेटच्या मोठ्या सामन्यांत टीव्हीच्या आणि ॲपच्या जाहिरातींच्या जागा एकमेकींना बांधून विकणार नाही. म्हणजे जाहिरातदाराला एक हवी असताना दोन्ही घ्यायला लावायचं नाही. एकाच मालकाकडे दोन्ही दारं आली की गिऱ्हाइकाची कोंडी होऊ शकते, हे तिथे मानलं गेलं. मग महिन्याला दोन-तीनशे रुपये भरणाऱ्या घराला दोन्ही दारांवर पैसे मोजायला लावू नये, हे मानायला अडचण कसली?

जिथे खरोखर दोन वेगळे मालक आहेत तिथे मी ही मागणी ताणत नाही. 2025 च्या उन्हाळ्यातला भारताचा इंग्लंड दौरा टीव्हीवर सोनीच्या वाहिन्यांवर होता आणि मोबाईलवर जिओहॉटस्टारवर. तिथे सोनीचं पॅक भरणाऱ्याला जिओहॉटस्टारने कसोटी फुकट दाखवावी असं म्हणता येणार नाही. मागणी एवढीच आहे की ज्याच्याकडे दोन्ही आहे त्याने दोनदा घेऊ नये.

दुसरा आक्षेप खर्चाचा आहे, आणि तो टीव्हीच्या माणसांपेक्षा तंत्रज्ञ मंडळी चांगला मांडतात. उपग्रहावरून सिग्नल एकदा सोडला की तो दहा घरांनी बघितला काय आणि दहा लाखांनी बघितला काय, खर्च तोच. मोबाईलचं तसं नाही. प्रत्येक बघणाऱ्यासाठी वेगळा प्रवाह सोडावा लागतो, त्याचा सर्व्हरचा आणि नेटचा खर्च माणशी वाढत जातो. 2023 च्या एकदिवसीय विश्वचषकाच्या अंतिम सामन्याला हॉटस्टारवर एका वेळी 5.9 कोटी प्रेक्षक होते. एवढी गर्दी झेलायची तर यंत्रणा उभी करावी लागते, आणि ती फुकट उभी राहत नाही. हे सगळं कबूल.

फक्त दोन गोष्टी विसरू नयेत. त्या गर्दीतले मोबाईलवाले मॅच फुकट बघत होते, कारण त्या स्पर्धेपुरतं कंपनीनेच मोबाईलवर पैसे घ्यायचे नाहीत असं ठरवलं होतं. त्याआधी काही महिने, 2023 ची आयपीएल जिओसिनेमावर फुकट होती आणि पुढच्या वर्षीही होती. तेव्हा माणशी खर्च होत नव्हता का? होत होता, पण तो जाहिरातींतून निघेल किंवा गिऱ्हाईक जोडण्यासाठी सोसायचा, असा हिशेब कंपन्यांनी केला. त्या काळात पैसे कोण भरत होतं ते आठवा. केबलवाली घरं. मोबाईलवाल्यांना फुकट होतं तेव्हाही त्यांनी भरले, आणि 2025 मध्ये मोबाईलवर पैसे लागले तेव्हा त्यांना दोन्हीकडे भरायची वेळ आली. ज्याने कधीच खंड पाडला नाही त्याच्याच वाट्याला दुसरी पावती आली.

दुसरी गोष्ट म्हणजे खर्च पडतो याचा अर्थ पूर्ण किंमत पुन्हा घ्यावी असा होत नाही. एका घरात दोन टीव्ही असले तर काय करायचं, हा प्रश्न आपल्याकडे आधी येऊन गेला आहे. जानेवारी 2020 च्या दुरुस्तीत ट्रायने ठरवलं की त्याच घरातल्या दुसऱ्या टीव्हीसाठी नेटवर्क शुल्काच्या 40 टक्क्यांहून जास्त घेता येणार नाही. पुढे जुलै 2024 मध्ये नेटवर्क शुल्कावरची मर्यादाच उठवली गेली, पण त्या नियमामागचा विचार मोलाचा होता: घर एक, ग्राहक एक, पडदे दोन असले म्हणून माणूस दोन होत नाही. आज दुसरा पडदा खिशात आहे, एवढाच फरक. अगदीच खर्च भागवायचा तर महिन्याला पाच-दहा रुपये जादा घ्या, केबलच्याच पावतीवर लावा. त्यालाही माझी हरकत नाही. हरकत आहे ती पहिली पावती शून्य धरण्याला.

सोलापूरच्या कापडवाल्याला हे समजावून सांगायची गरजच पडू नये. जकातीचे दिवस इथल्या लोकांनी पाहिलेत, मग एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, पाहिला, आणि 1 जुलै 2017 पासून जीएसटी. जीएसटीबद्दल तक्रारी पुष्कळ आहेत, माझ्याही आहेत, पण त्यातलं एक तत्त्व प्रत्येक कारखानदाराला तोंडपाठ झालं: सुतावर भरलेला कर टॉवेलच्या करातून वजा होतो. पुढच्या टप्प्यावर कर लागतोच, पण मागच्या टप्प्यावर भरलेला हिशेबात धरून. एकाच गोष्टीवर दोनदा वसुली झाली की आपला व्यापारी लगेच पावती काढून दाखवतो आणि "इनपुट धरा" म्हणतो. केबलच्या पावतीवर क्रीडा वाहिनीचे पैसे भरले, त्यावर 18 टक्के कर भरला, आणि मग त्याच मॅचसाठी ॲपला पैसे भरले, त्यावर पुन्हा 18 टक्के. इथे इनपुट कुणी धरायचं?

हे जमण्यासारखं नाही, असं म्हणणाऱ्यांनी बाहेर काय चाललंय ते बघावं. ब्रिटनमध्ये स्काय स्पोर्ट्सचे पैसे भरणाऱ्याला स्काय गो हे ॲप त्याच वर्गणीत मिळतं. अमेरिकेत 2009 पासून केबल कंपन्यांनी ग्राहकाला आपलाच केबलचा लॉग-इन वापरून वाहिनी कॉम्प्युटरवर आणि मोबाईलवर बघायची सोय द्यायला सुरुवात केली. तिथेही हे कुणी सुखासुखी दिलं नाही. 31 ऑगस्ट 2023 ला वाहिन्यांची मालक डिस्ने आणि केबल कंपनी चार्टर यांचं फाटलं. वाहिन्यांचे दर वाढवून मागताय, आणि त्यातला चांगला माल उचलून ॲपवर वेगळा विकताय, मग आमच्या ग्राहकाने एकाच गोष्टीचे दोनदा का द्यायचे, असा चार्टरचा सवाल होता. जवळपास दीड कोटी घरांतून ईएसपीएन या क्रीडा वाहिनीसकट डिस्नेच्या वाहिन्या बंद झाल्या, त्याही अमेरिकन फुटबॉलच्या हंगामाच्या तोंडावर. 11 सप्टेंबरला तडजोड झाली: डिस्नेचं जाहिरातींसह चालणारं ॲप चार्टरच्या पॅकमध्ये आलं आणि ईएसपीएनची पुढे येणारी थेट सेवाही पॅकधारकांना मिळेल असं ठरलं. ऑगस्ट 2025 मध्ये ती सेवा महिना 29.99 डॉलरला सुरू झाली तेव्हा पॅकवाल्यांना ती लॉग-इन करून वेगळे पैसे न देता मिळाली. त्या तडजोडीत चार्टरला वाहिन्यांचे वाढीव दरही मान्य करावे लागले, आणि तिथलं केबलचं बिल आपल्याला झेपणारं नाही. तिथलं बिल मला नकोच आहे. तिथल्या केबल कंपनीने ग्राहकाच्या वतीने विचारलेला प्रश्न हवा आहे, आणि तो आपल्याकडे विड्या वळणाऱ्या एका बाईंनी विचारला.

आता रिचार्जच्या बाजूने बोलणाऱ्यांकडे वळू, कारण सध्या त्यांचाच आवाज मोठा आहे. "299 चा रिचार्ज मारा, ॲप फुकट मिळतं, रडताय कशाला?" मार्च 2025 मध्ये जिओने 299 किंवा त्यावरच्या रिचार्जवर 90 दिवसांचं जिओहॉटस्टार देऊ केलं होतं हे खरं आहे, आणि त्याचा फायदा लाखो लोकांनी घेतला हेही खरं. रिचार्ज तर करायचाच असतो, त्यात मॅच मिळाली तर वाईट काय? वाईट काही नाही. पण रिचार्जमधून मिळणारी मॅच ही कंपनीची मर्जी असते. या हंगामात आहे, पुढच्या हंगामात असेलच असं नाही. एका सिमवर आहे, दुसऱ्यावर नाही. या प्लॅनवर आहे, पन्नास रुपये कमी असलेल्या प्लॅनवर नाही. ज्याच्या मोबाईलला घरात रेंजच दुसऱ्या कंपनीची येते त्याने मॅचसाठी सिम बदलायचं का? 2019 च्या पॅकची ही नवी आवृत्ती आहे. तेव्हा मॅचच्या शेपटाला दहा वाहिन्या बांधल्या, आता मॅचच रिचार्जच्या शेपटाला बांधली. दोन्ही वेळा मॅच हे आमिष होतं.

शिवाय या रिचार्जनेच त्यांचा एक मुद्दा मोडीत काढला आहे. केबलचा ग्राहक ओळखायचा कसा, हे तांत्रिकदृष्ट्या अवघड आहे, असं सांगितलं जातं. रिचार्ज केल्यावर ॲप कसं ओळखतं? मोबाईल नंबरावरून, एका ओटीपीवर. केबलच्या प्रत्येक बॉक्सला नंबर आहे, प्रत्येक ग्राहकाचं खातं आहे, कोणत्या बॉक्सवर कोणता पॅक कधीपर्यंत चालू आहे हे कंपनीच्या सिस्टीममध्ये आहे. पैसे संपले की रात्री बाराला त्याच बॉक्सची तीच वाहिनी बरोबर बंद होते. बंद करताना जो ग्राहक ओळखू येतो तो सुरू करताना ओळखू येत नाही, हे कसं?

"149 रुपये म्हणजे दोन वडापाव-चहाचा खर्च" असंही ऐकवलं जातं. जिओहॉटस्टार सुरू झालं तेव्हा मोबाईलपुरत्या तीन महिन्यांचा दर 149 होता. नोकरदाराला तो जड नाही. पण मॅच एका ॲपवर राहत नाही. एक दौरा इकडे, दुसरी स्पर्धा तिकडे, फुटबॉल तिसरीकडे. आणि हजार विड्यांवर मजुरी मोजणाऱ्या घरात 149 रुपये कशाच्या बदल्यात येतात हे त्या घरालाच विचारावं. अशा घरातला पोरगा मग काय करतो? लिंक शोधतो. चित्र अडखळतं, मध्येच सट्ट्याच्या जाहिराती उघडतात, दहावी-बारावीतली मुलं त्या दाबतात. मी चोरून बघण्याचं समर्थन करत नाही. खेळाडू, कॅमेरामन, समालोचक सगळ्यांच्या मेहनतीचा तो पैसा आहे. पण ज्या घराने पैसे भरलेत त्याच घरातल्या पोराला चोरीच्या वाटेला लावणारी व्यवस्था कुणाच्या भल्याची? बीसीसीआयच्या नाही, कंपनीच्या तर नाहीच.

एका आक्षेपाने मात्र मला बराच काळ अडवलं होतं. केबल नसलेली, फक्त मोबाईलवर जगणारी पोरं आहेत. इंजिनिअरिंगला आलेली, खोली करून राहणारी. केबलच्या घरांना ॲप दिलं तर त्याचा बोजा या पोरांच्या दरावर पडेल, आणि त्यांच्या खिशातून आपल्या दिवाणखान्याची सोय होईल. हा प्रश्न खरा आहे. त्यावर विचार करताना मी माझ्या ओळखीतल्या घरांचा हिशेब मनात मांडला. पैसे देऊन केबल आणि पैसे देऊन ॲप, अशी दोन्ही घेणारी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी निघाली. बाकीची एक तर रिचार्जवर बघतात, नाही तर लिंकवर, नाही तर मॅच सोडून देतात. असं असेल तर कंपनीचं बुडणारं उत्पन्न मुळात फार मोठं नाही. उलट जी माणसं आज लिंकवर आहेत ती जाहिराती दाखवणाऱ्या खऱ्या ॲपवर येतील. आणि बोजाच मोजायचा तर उलट बाजूनेही मोजावा लागेल: 2023 आणि 2024 मध्ये मोबाईलवरचे प्रेक्षक फुकट बघत होते, तेव्हा मॅचसाठी वर्गणी केबलची घरंच देत होती.

थेट खेळाचं एक वेगळेपण आहे. मालिका उद्या बघता येते, सिनेमा पुढच्या महिन्यात. मॅच त्याच क्षणाची असते. 2 नोव्हेंबर 2025 च्या रात्री आपल्या मुलींनी नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला हरवून विश्वचषक जिंकला. सांगलीची स्मृती मानधना त्या संघात होती. पावसामुळे सामना उशिरा सुरू झाला आणि मध्यरात्रीपर्यंत चालला. त्या वेळी रात्रपाळीला असलेली माणसं होती, दवाखान्यात रुग्णाजवळ बसलेली होती, एसटीत होती. त्यांच्या घरी टीव्ही चालू होता, पैसे भरलेले होते. तो क्षण सकाळी कितीही वेळा दाखवला तरी रात्री बघण्यासारखा होत नाही.

आणि म्हणूनच आपल्या देशाने खेळाच्या प्रक्षेपणाला कधीच नुसता बाजाराचा माल मानलं नाही. 1993 च्या हिरो कप स्पर्धेवरून दूरदर्शन आणि बंगालची क्रिकेट संघटना यांचा वाद झाला. 9 फेब्रुवारी 1995 ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. प्रमुख निकालपत्र न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचं होतं. आकाशातल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, सरकारचीही मक्तेदारी नाही आणि धनिकाचीही नाही, प्रेक्षकाचा जाणण्याचा हक्क त्यात मोठा, हे तिथे ठरलं. 2007 मध्ये वेस्ट इंडिजच्या दौऱ्यावेळी खाजगी वाहिनी आणि दूरदर्शन यांचं जमेना, तेव्हा आधी वटहुकूम आणि मग कायदा झाला: राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचा सिग्नल दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीला द्यायचा, टीव्हीच्या जाहिरातींचं उत्पन्न 75 आणि 25 असं वाटून घ्यायचं. कंपनीने कोट्यवधी मोजलेले असतानाही संसदेने सांगितलं की काही सामने सगळ्यांना दिसले पाहिजेत. आज कुणी त्या कायद्याला दरोडा म्हणत नाही.

त्या कायद्यातही केबलवाल्याची गोची झालीच. 22 ऑगस्ट 2017 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दूरदर्शनला मिळालेला हा सिग्नल दूरदर्शनच्या स्वतःच्या, अँटेनावर बघणाऱ्या आणि फ्री डिशच्या प्रेक्षकांसाठीच आहे, खाजगी केबल आणि डिशवर तो नेता येणार नाही. कायद्याचा अर्थ म्हणून निकाल बरोबर असेल. परिणाम असा की ज्याने महिन्याचे काहीच भरले नाहीत त्याच्या फ्री डिशवर भारताचा सामना दिसतो, आणि जो भरतो त्याला तो पैसे देऊन क्रीडा वाहिनीवरच बघावा लागतो. मग मोबाईलवर पुन्हा पैसे. 2023 मध्ये केबल कंपन्यांची संघटना स्टारविरुद्ध दूरसंचार लवादाकडे गेली होती, मोबाईलवर विश्वचषक फुकट आणि केबलवर पैसे हा भेदभाव आहे म्हणून. लवादाने प्रथमदर्शनी म्हटलं की ॲप ही टीव्ही वाहिनी नाही आणि ट्रायच्या कक्षेत येत नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये केंद्राने प्रसारण सेवांसाठी नव्या विधेयकाचा मसुदा आणला, त्यात ॲपही येणार होती. 2024 मध्ये त्यावर गदारोळ झाला आणि सुधारित मसुदा मागे घेतला गेला. त्या गदारोळाचं कारण वेगळं होतं, बातम्या आणि मतं मांडणाऱ्यांवर नियंत्रण येईल ही भीती होती, आणि ती भीती मलाही वाटली होती. पण त्यासोबत ग्राहकाच्या पावतीचा प्रश्नही बासनात गेला. बातम्यांना हात न लावता एवढं एक कलम वेगळं आणता येईल: क्रीडा वाहिनी आणि तिचं ॲप एकाच मालकाचं असेल तर वाहिनीच्या वर्गणीदाराला थेट प्रक्षेपण दिलं पाहिजे.

तोवर आपल्या केबलवाल्यांनाही काही करावं लागेल. आपल्या गल्लीतला केबलवाला रात्री अकराला वायर तुटली तरी शिडी घेऊन येतो, ॲपवाल्याला फोन लावला तर पलीकडे माणूस सापडत नाही. तो टिकावा असं मला मनापासून वाटतं. पण त्याच्या वहीतली नावं जुनी आहेत. कनेक्शन आजोबांच्या नावावर, घर विकलेलं, भाडेकरू तिसराच, नोंदवलेला मोबाईल नंबर कधीच बंद पडलेला. बॉक्सचा मालक कोण हे ओटीपीने सिद्ध करायची वेळ आली तर निम्मी घरं त्यातच अडकतील, आणि कंपन्यांना "बघा, जमत नाही" म्हणायला जागा मिळेल.

आमच्या घरच्या बॉक्सवर वडिलांचा नंबर होता. ते गेले त्याला चार वर्षं झाली, सिम केव्हाच बंद झालं. गेल्या आठवड्यात पावती घ्यायला केबलवाला आला तेव्हा तो नंबर बदलून घेतला. मित्राच्या घरीही त्याच दिवशी जाऊन आलो. तिथे बॉक्सवर त्याच्या आईचं नाव आता लागलंय, आणि खाली मुलाचा मोबाईल नंबर.